अगस्त्याच्या नावाचा उपग्रह : गच्चीवरच्या डिशच्या नोंदी

७ सप्टेंबर २०२५, रविवार

काल अनंत चतुर्दशी झाली. पहाटे कधीतरी ढोल थांबले आणि आज दिवसभर कोथरूड गप्प होतं. गच्चीत काम सुरू करायला हाच दिवस बरा.

चौथ्या मजल्यावरच्या काकांनी टीव्हीसाठी फायबर घेतलं, तेव्हापासून त्यांची ६० सेंटिमीटरची डिश पाण्याच्या टाकीला टेकून उभी होती. विचारलं तर म्हणाले, "न्या की, नाहीतर भंगारवाल्यालाच द्यायची आहे." गंज फक्त मागच्या क्लॅम्पला आहे. पत्रा कुठे चेपलेला नाही, हे मी बोटं फिरवून दोनदा तपासलं. ज्या लहरी मला पकडायच्या आहेत त्यांची तरंगलांबी २.८६ सेंटिमीटर आहे. पत्र्याला अर्धा सेंटिमीटर पोचा असता तरी त्या भागातून येणारा संकेत बाकीच्या संकेताशी जुळला नसता. अशी डिश मी घेतली नसती.

करायचं काय आहे ते लिहून ठेवते. कतारच्या एस्हैलसॅट या कंपनीचा एस्हैल-२ हा व्यापारी दळणवळण उपग्रह विषुववृत्तावर, २६ अंश पूर्व रेखांशाच्या जवळ उभा आहे. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी फ्लोरिडातून फाल्कन-९ रॉकेटने तो वर नेला. बांधणी जपानच्या मित्सुबिशी इलेक्ट्रिकची, उड्डाणाच्या वेळचं वजन ५ टनांहून जास्त. त्याचं मुख्य काम मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेतल्या घरांत टीव्ही पोचवणं आणि त्या भागाला इंटरनेट व इतर दळणवळण पुरवणं. त्यासाठी केयू आणि केए या वारंवारता-पट्ट्यांचे ट्रान्सपॉन्डर, म्हणजे खालून आलेला संकेत घेऊन परत खाली पाठवणारे संच, त्याच्यावर आहेत. पण त्याच सांगाड्यावर आणखी दोन छोटे ट्रान्सपॉन्डर आहेत आणि ते विकायला नाहीत. ते जगभरच्या हौशी रेडिओचालकांना, म्हणजे आम्हा हॅम मंडळींना, वापरायला दिले आहेत. भूस्थिर कक्षेतलं हौशी रेडिओचं हे पहिलंच ठिकाण. हौशी उपग्रहांना ऑस्कर हे नाव १९६१ पासून मिळत आलं आहे. या मालिकेतला हा शंभरावा, म्हणून त्याचं आमच्यातलं नाव कतार-ऑस्कर-१००.

मला फक्त ऐकायचं आहे. वर बोलण्यासाठी २.४ गिगाहर्ट्‌झचा वेगळा संच लागतो, ते काम नंतरचं.

हे एवढं मोठं का वाटतं, त्याला कारण आहे. इस्रोने २००५ साली सोडलेला हॅमसॅट मी ऐकला आहे. हातात ॲन्टेना धरून, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत त्याच्यामागे फिरवत. दहा-बारा मिनिटं मिळायची, त्यात समोरच्याचं नाव आणि गाव कळेपर्यंत आवाज डोंगराआड जायचा. २०१४ मध्ये तो बंद पडला. आकाशात एका जागी थांबणारा हौशी उपग्रह हे त्या काळात आमच्यासाठी स्वप्न होतं. भूस्थिर उपग्रहाचा खर्च हौशी संघटनेला कधीच झेपणारा नाही. तो झेपला कारण एका टीव्ही-उपग्रहाच्या मालकांनी थोडी जागा आणि थोडी वीज दिली. कतारचे माजी उपपंतप्रधान अब्दुल्ला बिन हमद अल अत्तिया स्वतः हॅम आहेत आणि तिथल्या हौशी रेडिओ संघटनेचे अध्यक्ष. त्यांच्या पुढाकारातून, आणि जर्मनीच्या ॲमसॅट संघटनेने तांत्रिक बाजू सांभाळल्यामुळे हे घडलं.

रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. ढगांच्या फटीतून तांबूस चंद्र थोडा वेळ दिसला.

१४ सप्टेंबर, रविवार

कोन काढले. पुण्याहून दिगंश २५४, उन्नतांश ३२. म्हणजे पश्चिमेच्या जरा दक्षिणेला, चांदणी चौकाच्या टेकडीच्या थोडं डावीकडे आणि आकाशात फारसं वर नाही. इथून उपग्रहापर्यंतचं सरळ अंतर सुमारे ३८,४०० किलोमीटर भरतं.

आमच्या गच्चीवर सतरा डिश आहेत. त्या सगळ्या आग्नेयेकडे तोंड करून उभ्या आहेत, कारण टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंश पूर्वेला आणि डीडी फ्री डिशचा ९३.५ ला. माझी एकटीच त्यांच्याकडे पाठ करून बसणार.

होकायंत्राचा उपयोग झाला नाही. गच्चीच्या कठड्यात लोखंड आहे, दोन पावलं सरकलं की सुई दहा अंश फिरते. मग सूर्य वापरला. आजच्या तारखेला पुण्यात सूर्याचा दिगंश २५४ होतो दुपारी ३ वाजून १२ मिनिटांनी. दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला, टाकीच्या पाइपला टांगला आणि ढग सरकायची वाट बघत बसले. ३ ला ऊन पडलं. बरोबर ३.१२ ला दोऱ्याच्या सावलीवर खडूने रेघ मारली. ही रेघ म्हणजे उपग्रहाची दिशा. उद्या पाऊस आला तर पुसली जाईल म्हणून तिच्यावरच ऑइलपेंट फिरवला.

दुसरी गोष्ट उंचीची. घरगुती डिश ऑफसेट असते. एलएनबी, म्हणजे डिशपुढे बसवलेला संकेत पकडणारा डबा, मधोमध नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे डिश जिथे बघतेय असं वाटतं त्याच्या सुमारे २५ अंश वर ती खरं बघत असते. ३२ मधून २५ गेले की उरतात ७. डिशच्या वरच्या आणि खालच्या कडेवर लाकडी पट्टी ठेवली, पट्टीवर फोनचा कोनमापक, आणि डिश उभ्यापासून फक्त ७ अंश मागे झुकवली. आई कपडे काढायला आली होती. म्हणाली, "ही आकाशाकडे कुठे बघतेय? समोरच्या बिल्डिंगकडे बघतेय." दिसतं तसंच.

१६ सप्टेंबर, मंगळवार

वीजपुरवठा. एलएनबीला त्याच केबलमधून वीज द्यावी लागते. १३ व्होल्ट दिले तर तो उभ्या ध्रुवीकरणाचा, म्हणजे ज्याची लहर उभी हलते असा संकेत घेतो, १८ दिले तर आडव्या. माझा एसडीआर डोंगल, म्हणजे लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर, एवढे व्होल्ट देऊ शकत नाही आणि तेवढे त्याच्या आत गेले तर जळून जाईल. म्हणून मधे एक छोटी पेटी हवी. कपॅसिटर रेडिओ लहरी डोंगलकडे जाऊ देतो आणि वीज अडवतो. कॉइल वीज वर जाऊ देते आणि लहरी अडवते.

पाणी शुद्ध करायच्या जुन्या यंत्राचा २४ व्होल्टचा अडॅप्टर घरात पडून होता. त्याच्यापुढे व्होल्टेज ठरावीक ठेवणारी एलएम-३१७ ही आयसी, हीटसिंक, आणि १३/१८ निवडायला एक खटका. डोंगल जोडण्याआधी त्या बाजूचा व्होल्टेज मोजला. शून्य. पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजला. शून्य.

एलएनबी जोडला तर आयसी तापली आणि व्होल्टेज बसला. एफ कनेक्टर उघडला. आरजी-६ केबल सोलताना जाळीचा केसाएवढा एक तार मधल्या तांब्याला टेकला होता. काढला, पुन्हा कनेक्टर बसवला. आता ९० मिलिॲम्पिअर. एलएनबी जिवंत आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

दोन संध्याकाळी काहीच मिळालं नाही, त्याच्या नोंदी केल्या नाहीत. आज मिळाला.

शोधायचं होतं ते मधलं बीकन, म्हणजे उपग्रहावरून सतत येणारा खुणेचा संकेत. त्याची वारंवारता १०,४८९.७५० मेगाहर्ट्‌झ. एलएनबी त्यातून ९,७५० वजा करतो, म्हणून केबलमधून खाली येतं ते ७३९.७५०. संगणकाच्या पडद्यावर तिथे बारीक उभी रेघ दिसायला हवी. डिश रेघेवर ठेवून एका वेळी अर्धा अंश फिरवत गेले. प्रत्येक वेळी जिना उतरून लॅपटॉप बघण्यापेक्षा तो गच्चीतच आणला, वर छत्री धरली, आणि ५.४० ला ७३९.७८४ वर एक फिकट पट्टी आली. ३४ किलोहर्ट्‌झने चुकलेली, पण तीच. डिश हलवली की जाते, परत आणली की येते.

गोंगाटापेक्षा ९ डीबी (डेसिबेल) वर. बरेच बोल्ट सैल-घट्ट करून पाहिले, ९ च्या पुढे जाईना. ६० सेंटिमीटरच्या डिशला याहून पुष्कळ जास्त मिळायला हवा.

मग चुकून खटक्याला हात लागला आणि १८ व्होल्ट झाले. संकेत १६ डीबीवर गेला! हे उलटं आहे. बीकन उभ्या ध्रुवीकरणात येतं, सगळीकडे तसं लिहिलेलं आहे. एलएनबीच्या आतल्या उभ्या काट्याला ९ आणि आडव्या काट्याला १६ कसे? खटक्याच्या तारा उलट्या जोडल्या की काय म्हणून मोजलं. बरोबर आहेत.

जेवताना डोकं तिथेच होतं.

२१ सप्टेंबर, रविवार

आजचा दिवस डिशवाल्या दादांचा.

तिसऱ्या मजल्यावर कुणाची तक्रार होती म्हणून ते गच्चीत आले होते. माझी डिश बघून थबकले. "ताई, ही कुठली? इकडे तर कुठलाच सॅटेलाइट नाही आपला." सांगितलं. कतारचा, हॅम रेडिओचा. त्यांना आकडे नको होते, पडदा बघायचा होता. बघितला. म्हणाले, "स्ट्रेंथ आहे, क्वालिटी नाही. एलएनबी सरळ का लावलाय?"

मी म्हटलं, संकेत उभा आहे म्हणून उभा लावला.

"सरळ कुणी लावतच नाही. आम्ही तर थोडा तिरकाच देतो. कंपनीचा माणूस शिकवताना म्हणाला होता, डावीकडे झुकवायचा, मग मीटर बघत पक्का करायचा." आणि माझ्या परवानगीने त्यांनी नेहमीच्या सवयीने, डिशच्या मागे उभं राहून, एलएनबी डावीकडे वीस-पंचवीस अंश फिरवला.

रेघ पडद्यावरून नाहीशी झाली. कमी नाही झाली, गेलीच.

दादा क्षणभर गोंधळले, मग म्हणाले, "म्हणजे उलटीकडे." परत सरळ, मग उजवीकडे. १०, १२, १४. त्यांचा हात थांबेना. पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेला तेव्हा मला वाटलं पुरे, ते म्हणाले चढतोय अजून. शेवटी १७ डीबीवर थांबलं, तेव्हा एलएनबी जवळजवळ आडवा पडला होता. खटका १३ वरच होता.

ते गेल्यावर कागद घेऊन बसले आणि दोन दिवसांचं कोडं सुटलं.

उपग्रहाचं 'उभं' म्हणजे पृथ्वीच्या अक्षाला समांतर. माझं 'उभं' म्हणजे पुण्याच्या जमिनीला काटकोनात. उपग्रह बरोबर माझ्या रेखांशावर असता तर दोन्ही जुळली असती. तो ४८ अंश पश्चिमेला आहे. मृग नक्षत्र डोक्यावर असताना उभं असतं आणि पश्चिमेला मावळताना आडवं पडतं. नक्षत्र वळलेलं नसतं, आपण ज्या जमिनीवर उभे आहोत ती त्याच्याशी वाकडी असते. तेच इथे. गणित केलं तर पुण्यासाठी हा झुकाव उजवीकडे ६६ अंश येतो.

आता सगळे आकडे जागेवर बसतात. सरळ उभ्या काट्याला ६६ अंश तिरका संकेत मिळत होता, त्यात साधारण ८ डीबी जातात. १७ चे ९. आडवा काटा संकेतापासून फक्त २४ अंश दूर होता, म्हणून त्याला १६. आणि दादांनी सवयीने डावीकडे २४-२५ अंश दिले तेव्हा काटा संकेताशी बरोबर काटकोनात गेला. काटकोनात काहीच येत नाही. त्यांची सवय मुळीच चुकीची नाही. पुण्याहून ८३ अंशांच्या उपग्रहासाठी झुकाव डावीकडे साधारण २५ अंशच येतो. उपग्रह दक्षिणेच्या पूर्वेला असेल तर डावीकडे, पश्चिमेला असेल तर उजवीकडे. दादांना हे सूत्र ठाऊक नव्हतं, पण सरळ लावायचा नाही हे हाताला ठाऊक होतं. मला सूत्र पुस्तकात सापडलं असतं, तरी ते बघायला हवं हे सुचलं नसतं.

आतेभाऊ दोह्याला असतो. त्याला फोन करून त्याच्या बिल्डिंगवरच्या डिशचे फोटो मागवले. तिथून झुकाव ४२ अंश येतो. फोटोत एलएनबी तिरके आहेत, मोजून नाही सांगता येणार, पण माझ्याहून कमी तिरके.

२३ सप्टेंबर, मंगळवार, पहाटे

काल घटस्थापना झाली. आज ३ चा गजर लावला होता.

विषुवाच्या आगेमागे सुमारे ४५ रात्री प्रत्येक भूस्थिर उपग्रह पृथ्वीच्या सावलीतून जातो. सावली सर्वांत लांब विषुवाच्या रात्री, ७२ मिनिटांची. एस्हैल-२ जिथे आहे तिथली मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे पावणेचार. या वेळात त्याच्या सौर पॅनलवर ऊन नसतं, सगळं काम बॅटरीवर. टीव्ही बघणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही, जाणवू नये म्हणूनच एवढ्या बॅटऱ्या वर नेलेल्या असतात.

मला हे ऐकायचं होतं. ऐकायला खरं तर काही नाही. ३.१० ला बीकन १७ डीबी, ३.४० ला १७, ४.०५ ला १७. पण पंधरा दिवसांपूर्वी चंद्र ज्या सावलीत तांबूस झाला होता, त्याच सावलीत आत्ता हे यंत्र उभं आहे, आणि त्याचा आवाज माझ्या कानात तसाच चालू आहे, हे माहीत असून ऐकणं वेगळं.

सव्वाचारला ढग फाटले. दक्षिणेच्या जरा डावीकडे, इमारतींच्या वर हाताच्या पंजाएवढ्या उंचीवर एक ठळक, स्थिर तारा. अगस्त्य.

एस्हैल हे नाव त्याचंच आहे. अरबीत या ताऱ्याला सुहैल म्हणतात. आखाती देशांत ऑगस्टच्या शेवटी सुहैल पहाटे दिसू लागला की उन्हाळ्याची धग उतरायला लागते अशी पिढ्यांची समजूत, आतेभावाच्या ऑफिसातले स्थानिक लोक अजून त्या दिवसाची वाट बघतात म्हणे. कंपनीने पहिला उपग्रह एस्हैल-१ पाठवला तोही २९ ऑगस्ट २०१३ रोजी. आपल्याकडे अगस्त्याच्या उदयानंतर नदी-ओढ्यांचं गढूळ पाणी निवळतं असं मानतात. एकच तारा, तिथे उन्हाळा संपवतो, इथे पावसाळा. दोन्ही गोष्टी ऋतूंच्या हिशोबाने खऱ्या आहेत.

आई उठली तेव्हा तिला दाखवला. तिने हात जोडले.

२४ सप्टेंबर, बुधवार

आवाज घसरतो आहे. सकाळी ज्या ठिकाणी माणूस स्पष्ट बोलत होता, दुपारी तिथे तो चिरक्या आवाजात बोलायला लागतो. माणूस हललेला नाही, एलएनबी तापला आहे. त्याच्या आत २५ मेगाहर्ट्‌झचा स्फटिक आहे आणि त्याची वारंवारता ३९० पट करून ९,७५० बनवलेली असते. स्फटिक १ हर्ट्‌झने चुकला की वर ३९० हर्ट्‌झची चूक. टीव्हीला ही चूक कळतही नाही. माणसाच्या आवाजाला कळते, तो सगळा मिळून २.७ किलोहर्ट्‌झमध्ये मावतो.

उपाय बीकनमध्येच आहे. सॉफ्टवेअरला सांगायचं, ही रेघ नेहमी १०,४८९.७५० वर धर आणि बाकी सगळं तिच्यामागे सरकव. जमलं. एलएनबीवर पांढऱ्या पत्र्याचा छोटा आडोसाही केला.

२८ सप्टेंबर, रविवार

सबंध दुपार ऐकलं. पावसाने डिश ओली आहे, बीकन १६.५.

या अर्ध्या मेगाहर्ट्‌झच्या पट्टीत ब्राझीलपासून थायलंडपर्यंतचे आवाज एकाच वेळी असतात. जर्मन, इटालियन, अरबी वळणाचं इंग्रजी, दक्षिण आफ्रिकेतला एक म्हातारा जो सर्वांना हवामान विचारतो. दोनदा व्हीयू, म्हणजे आपल्या देशातलं संकेतनाम ऐकलं. अंटार्क्टिकावरच्या जर्मन न्यूमायर तळाने याच उपग्रहावरून शाळेतल्या मुलांशी गप्पा मारल्या आहेत. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या गूनहिली केंद्रावर हौशी मंडळींनी बसवलेला रिसीव्हर इंटरनेटवरून ऐकता येतो. तो बाजूला लावून ताडून बघितलं, तोच माणूस, तेच वाक्य. माझ्या डिशमधून आधी येतं, इंटरनेटवरून मागाहून. गूनहिली म्हणजे तेच ठिकाण जिथे १९६२ मध्ये टेलस्टारचा संकेत उतरवला होता.

या पट्टीचा एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. तुमचा खाली येणारा आवाज बीकनपेक्षा मोठा होता कामा नये. उपग्रहाची शक्ती ठरावीक आहे आणि ती सर्वांत वाटली जाते. एकाने जोर लावला की बाकी सगळे बारीक होतात. रेडिओवर आपला आवाज किती आहे हे एरवी आपल्याला कळत नाही. इथे आपला आवाज आपल्यालाच परत ऐकू येतो, बीकनही शेजारीच दिसतं, म्हणून सबब चालत नाही. आणि तरी कुणी मर्यादा ओलांडलीच तर खालच्या केंद्रावरची लैला नावाची यंत्रणा त्याच्याच आवाजावर भोंगा वाजवते. तो सर्वांना ऐकू येतो.

आज वाजला. कुणीतरी भरपूर जोर लावून हाक देत होता. त्याच्यावर भोंगा चढला, तो थांबला, काही सेकंदांनी खालच्या पट्टीत परत आला आणि म्हणाला, माफ करा, नवा ॲम्प्लिफायर आहे. कुणी रागावलं नाही. त्याला उत्तरं आली.

या उपग्रहाचा धंदा टीव्ही आणि दळणवळणाचा आहे, प्रत्येक मेगाहर्ट्‌झला गिऱ्हाईक आहे, आणि त्यातच ही फुकट पट्टी २०१९ च्या फेब्रुवारीपासून चालू आहे. ती वापरणाऱ्यांनीच तिला सांभाळायचं आहे. म्हणून तो भोंगा ऐकून मला बरं वाटलं.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. सकाळी पान्हे, मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, लॅपटॉप आणि डोंगल पाटावर मांडून पूजा केली. डिशला गच्चीतच हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल वाहिलं. फूल मुद्दाम खालच्या कडेला अडकवलं, पत्र्यावर ठेवलं नाही.

दुपारी सूर्य. वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या आसपास, सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. डीटीएचवर त्या दिवसांत चित्र जातं ते यामुळेच. सूर्य स्वतः सगळ्या वारंवारतांवर गोंगाट करणारा आहे, आणि डिशला दोघं एकाच दिशेने दिसतात. पुण्याहून एस्हैल-२ साठी सर्वांत अचूक दिवस काल होता, पण काल ढगांमुळे सावलीची ताडणी करता आली नाही. आज चुकीचं अंतर अर्ध्या अंशाहूनही कमी, म्हणून चालण्यासारखं.

३.५० : गोंगाटाची पातळी नेहमीची.

३.५६ : चढायला लागली.

४.०३ : साडेचार डीबी वर. बीकन १७ वरून साडेबारावर. बोलणाऱ्या माणसांचे आवाज फेसाखाली गेल्यासारखे. एलएनबीच्या तोंडावर उन्हाचा कवडसा बरोबर मधोमध, म्हणजे डिशचा नेम खरा आहे.

४.१० : उतरते आहे.

४.१६ : पूर्ववत.

वेळ काढताना मी ४.०३ हाच आकडा वहीत लिहिला होता. पानावर आकडा आणि पडद्यावर शिखर एकाच मिनिटाला बघितलं तेव्हा अंगावर काटा आला. दिवे नाही, ढोल नाही, फक्त गोंगाट वाढला आणि कमी झाला, पण १५ कोटी किलोमीटरवरचा सूर्य, ३८ हजारांवरचं यंत्र आणि कोथरूडमधली भंगारात निघालेली डिश एका रेघेत होती.

लहानपणी बाबांनी नारायणगावजवळचं आर्वी दाखवलं होतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचं विक्रम भूकेंद्र, सुमारे ३० मीटर व्यासाची डिश. त्या वेळी समुद्रापलीकडचा फोन आणि टीव्हीची चित्रं तिथून जायची-यायची. तेव्हाच्या उपग्रहांचा संकेत इतका क्षीण असे की खाली एवढी मोठी डिश लागे. वरची शक्ती वाढत गेली तसं खालचं भांडं लहान होत गेलं. बाबांना आजचा आलेख दाखवायला हवा होता.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काल कोजागिरी. गच्चीत दूध आटवलं, सोसायटीतली पंचवीसेक माणसं जमली. स्पीकर लावून दिला. ब्राझीलचा एक जण पोर्तुगालच्या माणसाशी बोलत होता, मग इंग्रजीत हाक दिली. दुसऱ्या मजल्यावरची सातवीतली मुलगी लॅपटॉपपाशी येऊन बसली. "तो आत्ता बोलला का?" सांगितलं, पाव सेकंदापूर्वी. आवाजाला वर जाऊन खाली यायला एवढा वेळ लागतो. तिने टिचकी वाजवून पाव सेकंद किती ते करून बघितलं. मग विचारलं, "तिकडे काय वाजलेत?" घड्याळ काढून मोजलं, साडेआठ तास मागे. "म्हणजे तिकडे चंद्र नाहीये." कप हातात धरून ती बराच वेळ तिथेच होती. पुढच्या रविवारी तिला ओळंबा आणि सावलीची रेघ करून दाखवायची आहे, वेळ तिनेच काढायची असं ठरलं.

आज सकाळी उरलेली कामं. क्लॅम्पला ग्रीस, कनेक्टरवर रबरी टेप, केबलला खाली वळसा म्हणजे पाणी आत न शिरता टपकेल. एलएनबीच्या मानेवर ६६ अंशांची खूण पांढऱ्या ऑइलपेंटने केली आणि फोटो काढून डिशवाल्या दादांना पाठवला.

त्यांचं उत्तर दुपारी आलं. "ताई, एवढी तिरकी अजून कुणाची लावली नाही. दिवाळीची गडबड संपली की मुलाला घेऊन ऐकायला येतो."